शिल्लक

घाटंजीच्या फाट्यावर हबीबभाईचं सायकल दुकान,
पंक्चर बुडवायच्या घमेल्यापलीकडे चौदा इंची टीव्ही,
काळा-पांढरा.
रुपयाला दहा मिनिटं.

मंगळवारी बाजार, म्हणून रुपया मंगळवारी.
बाकीचे सहा दिवस आम्ही उभ्यानं बघायचो
दुसऱ्याचं मरण.
"अबे मार उडी, मार... मेला पोट्टा!"

कॅसेट पिवळी. वर छापलेलं,
नऊ हजार नऊशे नव्याण्णव खेळ.
खेळ निघाले सात.
बाकी तेच ते, नुसता नंबर बदललेला.
छापील अक्षरही खोटं बोलतं
हे मला चौथीत कळलं,
मास्तरांच्या आधी.

रिमोट दोन होते.
एकाची वायर उंदरानं कुरतडलेली.
ती चिमटीत, एका ठरावीक कोनात
कोणीतरी धरून बसायचं
तेव्हा कुठे आपला गडी पडद्यावर चालायचा.

धरायची वनमाला, मेश्रामांची.
तिच्याजवळ मंगळवारीही रुपया नसायचा.
भिंतीला टेकून, पडद्याकडे पाठ करून
ती नुसती वायरीकडे बघत राहायची
आणि आम्हाला वाटायचं, आम्ही जिंकून राह्यलो.

एकदा पुलावरच माझा गडी थिजला.
मी ओरडलो, "काऊन सोडली वं?"
"माशी बसली होती," म्हणाली.
हात बदलला.
पुन्हा धरली.

मग एक दिवस हबीबभाई
ग्रीसचे हात चिंधीला पुसत आले, मला म्हणाले,
"तू पकड आज. बेटी खेलेगी. पैसा नही होना."
गजू हसला, दिवाकर हसला.
मी वायर धरली.

दुखतं.
अंगठ्याच्या मुळाशी आधी, मग मनगटात.
दुसऱ्या मिनिटाला मुंग्या,
तिसऱ्याला नाकाच्या शेंड्यावर खाज,
आणि पाठीमागे नुसते आवाज,
टुणुक, टुणुक, धप्प.
तेव्हा उमगलं की हे सगळे आवाज
तिला पाठ आहेत. कुठे खड्डा,
कुठे वरून दगड पडतो, किती थांबायचं.
दोन वर्षं ती खेळ ऐकत होती.

पोट्टे गप्प झाले.
"नदी आली बे," दिवाकर हळूच बोलला.
आमच्यापैकी कोणी नदीपर्यंत गेलं नव्हतं.
मी मान वळवली असती तर वायर हलली असती.
नाही वळवली.
आयुष्यात मी केलेल्या बऱ्या गोष्टींची यादी
फार लांब नाही, पण ही तिच्यात आहे.

आणि लाईन गेली.

पडदा आटत आटत एक ठिपका झाला, मग तोही नाही.
त्या खेळात लाईन गेली की पुन्हा पहिल्यापासून.
पण हबीबभाई हिशेबाचे पक्के,
उरलेली मिनिटं भिंतीवर लिहून ठेवायचे.
त्या दिवशी खडू सापडेना.
बोटानंच लिहिलं, ग्रीसमध्ये बुडवून:
वनमाला ४ मि.

रात्री लाईन आली ती दुप्पट होऊन आली.
टीव्ही जळाला. धूर बाहेरपर्यंत.
त्यानंतर हबीबभाईनं टीव्ही काही आणला नाही.
वनमाला आठवीनंतर आजोळी गेली,
पुढे पांढरकवड्याकडे दिली म्हणतात.
नदी कशी होती
ते मी तिला विचारलंच नाही.

आता माझ्या मोबाईलमधला खेळ
जिथे सोडला तिथूनच सुरू होतो, कोणाला विचारत नाही,
आणि घरात कोणी गप्प बसलं असलं
की माझी नजर आधी त्याच्या हाताकडे जाते.

यंदा पोळ्याला गेलो होतो.
दुकानात थंड पाण्याच्या कॅनी ठेवल्यात,
हबीबभाईचा पोरगा सलीम बसतो.
त्यानंच दाखवली भिंत, वैतागून:
"तीनदा चुना मारला भौ,
ह्या डाग काही जात नाही."

नाव गेलं होतं.
४ मि. होते.